साथीच्या काळात बंदर खरेच बंद होते का? निर्यात करारातील एका कलमाविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न : टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

सर्वांना नमस्कार. आमचा टेरी टॉवेल आणि नॅपकिनचा सोळा मागांचा कारखाना आहे. वडिलांच्या काळी सगळा माल मुंबई आणि हैदराबादच्या व्यापाऱ्यांकडे जात असे. गेली काही वर्षे आम्ही थेट निर्यात करतो आणि आमचे कंटेनर न्हावाशेवाहून आखाती देशांत आणि युरोपात जातात. समुद्र इथून जवळपास चारशे किलोमीटर लांब असल्यामुळे बंदरावर काय घडते आहे ते आम्हाला बहुतेक वेळा एजंटाच्या फोनवरूनच कळते.

मार्च २०२० मध्ये आमचा एक कंटेनर जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी न्हावाशेवाला पोहोचला. ज्या जहाजावर तो चढायचा होता त्याची फेरी रद्द झाली आणि नंतर टाळेबंदी लागली. कंटेनर उन्हात उभा राहिला, क्रेडिटपत्रातली (ठरलेले कागद मिळाल्यावर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी) माल चढवण्याची शेवटची तारीख उलटून गेली आणि माल अखेर मे महिन्यात निघाला. खरेदीदाराने पाठवलेली छायाचित्रे अजून माझ्याजवळ आहेत. तळाच्या थरातली खोकी ओलसर होऊन बसली होती आणि पांढऱ्या बाथ टॉवेलांच्या घड्यांवर, नेमक्या दुमडीच्या रेषेवर, पिवळट डाग पडले होते. त्याने मोठी सूट मागितली आणि ती आम्हाला द्यावी लागली. शिवाय जागाभाडे वेगळे भरले. विमा कंपनीने दावा फेटाळला.

आता एका नव्या खरेदीदाराने कराराचा मसुदा पाठवला आहे. त्यात एक कलम असे आहे की, साथरोगामुळे कोणत्याही बंदरात जहाजाला प्रवेश नाकारला गेल्यास किंवा विलंब झाल्यास होणारा सर्व खर्च विक्रेत्याने सोसावा. ऑर्डर चांगली आहे, त्यामुळे सोडवत नाही. पण या कलमावर सही करायला हातही धजत नाही. मला मुळापासून समजून घ्यायचे आहे. साथ आली की बंदर बंद होते म्हणजे नेमके काय होते? कापडी मालाला संसर्गाच्या कारणावरून अडवता येते का? आणि हे कलम बदलून मागायचे असेल तर काय मागावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त सागरी अभियंता, मूळ गाव बार्शी तालुका

आपण मुळापासून विचारले आहे, म्हणून तिथूनच सांगतो. परदेशातून येणाऱ्या जहाजाला थेट धक्क्याला लागता येत नाही. बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी मिळेपर्यंत जहाजावर पिवळा झेंडा असतो आणि त्याचा अर्थ असा की, आमचे जहाज निरोगी आहे, आम्हाला मोकळा प्रवेश द्यावा. त्यासाठी कप्तान सागरी आरोग्य घोषणापत्र भरतो. प्रवासात कोणी दगावले का, कोणाला ताप आला का, आजारी माणसांची संख्या नेहमीपेक्षा जास्त होती का, असे प्रश्न त्यात असतात आणि मागच्या तीस दिवसांत जहाज कोणकोणत्या बंदरांना लागले त्यांची यादीही द्यावी लागते. एरवी ही सगळी कागदपत्रे आधीच पाठवली जातात आणि जहाज पोहोचण्यापूर्वीच परवानगी आलेली असते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाला हा टप्पा जाणवतही नाही. साथीच्या काळात सगळे अडते ते याच टप्प्यावर.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, म्हणजे २००५ साली मंजूर होऊन १५ जून २००७ पासून लागू झालेले नियम, स्पष्ट सांगते की सार्वजनिक आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात येण्यापासून रोखू नये. तपासणी करावी, निर्जंतुकीकरण करावे, त्या बंदरात सोय नसेल तर जवळच्या सोयीच्या बंदराकडे पाठवावे, पण हाकलून देऊ नये. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२० मध्ये वेस्टरडॅम हे प्रवासी जहाज एकामागून एक बंदरांनी नाकारले आणि शेवटी कंबोडियाने सिहानुकविलला त्याला जागा दिली. योकोहामाला विलगीकरणात ठेवलेल्या डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ माणसे होती आणि त्यांपैकी सातशेहून अधिक जणांना लागण झाली. या दोन जहाजांच्या बातम्यांमुळे सर्वसामान्यांची अशी समजूत झाली की साथीत जहाजांना बंदरे बंद असतात. मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात आणि त्यांना बहुतेक बंदरांनी येऊ दिले. अट एवढीच होती की माणसांनी जहाजावरून उतरायचे नाही.

त्या वर्षी मी एका कंटेनर जहाजावर होतो. सकाळ-संध्याकाळ सर्वांचे तापमान घेऊन वहीत लिहायचे, आणि ती वही बंदरावरचा अधिकारी सर्वांत आधी मागायचा. जहाजाला बंदरात वाट दाखवणारा पायलट पूर्ण झाकणाऱ्या पोशाखात चढायचा आणि तो गेला की ब्रिजवरची, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतली, प्रत्येक मूठ पुसून काढावी लागायची. चीनच्या बंदरातून निघून चौदा दिवस झालेले नसतील तर कित्येक ठिकाणी उरलेले दिवस बाहेर नांगर टाकून काढावे लागत. धक्का रिकामा दिसायचा, क्रेन उभ्या दिसायच्या, आणि आम्ही पाण्यात थांबलेलो असायचो. माझा करार सहा महिन्यांचा होता. घरी पोहोचायला बारा महिने लागले. सागरी कामगार करारानुसार सलग अकरा महिन्यांपेक्षा जास्त काळ कोणाला जहाजावर ठेवता येत नाही, तरीही २०२० च्या अखेरीस मुदत संपूनही अडकून पडलेल्या दर्यावर्दींची संख्या सुमारे चार लाख होती, असे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनेच सांगितले होते. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आपल्या टॉवेलांना उशीर होतो त्यामागे अशी थकलेली माणसे असतात, आणि माणसे बदलण्यासाठी जहाजाने वाट सोडून दुसरे बंदर गाठले की वेळापत्रक पुन्हा कोलमडते.

किनाऱ्यावरही तेच. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्या निंगबो-झौशान बंदरातले मेइशान टर्मिनल एका कामगाराची चाचणी सकारात्मक आल्यावर सुमारे दोन आठवडे बंद राहिले. त्याआधी मे-जूनमध्ये शेन्झेनचे यांतियान बंदर जवळपास महिनाभर निम्म्याहून कमी क्षमतेने चालले होते. बंदर कागदोपत्री चालूच असते. थांबतात ती तिथली माणसे. आपल्या करारात फक्त ‘बंदर बंद’ असे शब्द असतील तर आपल्यावर आलेल्या प्रसंगांपैकी बहुतेक प्रसंग त्यात बसणारच नाहीत.

उत्तर : साथरोग विषयाचा निवृत्त प्राध्यापक, होटगी रोड

कापडाला अडवता येते का, हा आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, कारण साथ आणि सागरी व्यापार यांच्या इतिहासात सर्वांत जास्त संशय कापडावरच घेतला गेला आहे. रागुसाने, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकने, १३७७ मध्ये प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे हे दिवस चाळीस झाले आणि ‘क्वारंटाइन’ हा शब्द त्या चाळीसच्या इटालियन शब्दावरूनच आला. भूमध्य समुद्रावरच्या बंदरांत मालाचे दोन वर्ग मानले जात. धातू किंवा धान्यासारखा माल निर्धोक समजत; कापूस, लोकर, रेशीम आणि कापड हे रोग धरून ठेवणारे समजत आणि त्यांच्या गाठी उघडून कित्येक आठवडे वाऱ्यावर ठेवत.

या नियमाला बगल दिली तेव्हा काय झाले याचे उदाहरण मार्सेयचे आहे. २५ मे १७२० रोजी ग्रां-सेंत-आंत्वान हे जहाज पूर्वेकडून कापूस आणि कापड घेऊन तिथे आले. वाटेत जहाजावर माणसे दगावली होती. तरीही मोठ्या जत्रेच्या बाजारात माल वेळेवर पोहोचावा म्हणून व्यापाऱ्यांनी दबाव आणला आणि विलगीकरणाचे नियम सैल झाले. त्या प्लेगमध्ये एकट्या मार्सेय शहरात पन्नास हजारांच्या आसपास माणसे मेली. आपल्यासारख्या कापडाच्या गावाने ही घटना लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते, कारण उशिराचे नुकसान टाळण्याची व्यापाऱ्याची घाई आणि गावाचा जीव यांची गाठ तिथे अगदी समोरासमोर पडली होती.

आपल्याकडे १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत गोदीजवळच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर परदेशी बंदरांनी निर्बंध घातले, १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्याच वर्षी इथे साथरोग कायदा झाला. २०२० मध्ये सोलापुरात आपण ज्या कायद्यांखाली घरात बसलो त्यांपैकी एक हाच. प्लेग पसरवण्यात उंदरावरच्या पिसवांचा हात आहे हे पॉल-लुई सिमॉन यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले, आणि तेव्हापासून संशयाची दिशा कापडाच्या गाठींकडून उंदरांकडे वळू लागली. आजही धक्क्याला बांधलेल्या जहाजाच्या दोरखंडांवर पत्र्याच्या गोल थाळ्या दिसतात, त्या उंदरांनी दोरावरून ये-जा करू नये म्हणून असतात. जहाजाच्या स्वच्छतेचे प्रमाणपत्र सहा महिन्यांसाठी असते आणि ते पूर्वीच्या उंदीरमुक्तीच्या प्रमाणपत्राच्या जागी आले आहे.

तात्पर्य, नव्या कारखान्यातून निघालेला कोरा, पॅक केलेला टॉवेल आजच्या शास्त्रानुसार संसर्गाचे कारण मानला जात नाही. सध्याच्या नियमावलीनुसार, जहाज न बदलता पुढे जाणाऱ्या मालाला, जिवंत प्राणी सोडून, आरोग्याच्या कारणावरून थांबवता येत नाही, आणि एखाद्या देशाने त्यापलीकडे जाऊन वाहतुकीत मोठा अडथळा येईल असे उपाय केले तर त्याला ४८ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला त्याची कारणे कळवावी लागतात. पण भीती नियम वाचून वागत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली तेव्हा मृत्यू साठच्या आत होते. तरीही काही आखाती देशांनी विमाने थांबवली आणि काही देशांनी भारतीय माल घेणेच बंद केले. आपला खरेदीदार आखातातला असेल तर ही शक्यता गृहीत धरावी.

उत्तर : डाळिंब निर्यातदार, सांगोला

टॉवेल थांबला तर डाग पडतात, आमचे फळ थांबले तर फेकावे लागते, म्हणून दोन ओळी लिहितो. शीतकंटेनरला बंदरात विजेचा प्लग लागतो आणि प्लग मोजकेच असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये शांघाय आणि तिआनजिनकडे उतरलेले शीतकंटेनर उचलायला ट्रकचालकच नव्हते, सगळे प्लग भरून गेले, जहाज कंपन्यांनी कंटेनर दुसऱ्या बंदरांकडे वळवले आणि वर गर्दीचा अधिभार लावला. तिकडची ती अडचण काही महिन्यांनी आमच्या दारात आली, कारण रिकामे शीतकंटेनर तिकडेच अडकून पडले होते. तेव्हापासून मी गंतव्य बंदराबरोबरच वाटेत कंटेनर कुठे उतरून दुसऱ्या जहाजावर चढणार आहे हेही बुकिंगच्या वेळी लेखी विचारतो. आपणही विचारावे.

उत्तर : क्लिअरिंग एजंट, न्हावाशेवा (शिक्षण सोलापुरात)

मालक, वरच्या तिघांनी कारणे नीट सांगितली आहेत, मी पैशांबद्दल लिहितो. आपल्या २०२० च्या प्रसंगात नुकसान तीन वेगवेगळ्या दारांनी आत आले आणि प्रत्येक दाराचा कागद वेगळा आहे.

पहिला कागद म्हणजे विक्रीची अट. आपण ‘एफओबी न्हावाशेवा’ लिहीत असाल, सगळेच लिहितात. पण एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम आणि खर्च विक्रेत्याचा असतो. कंटेनर आपण बंदरात सोपवतो आणि त्यानंतर तो कधी चढणार हे आपल्या हातात नसते. जहाज बंदर टाळून पुढे गेले, तर त्या बारा-पंधरा दिवसांचे जागाभाडे आणि त्या उन्हातली ओल बऱ्याचदा आपल्याच खात्यावर येते. म्हणूनच कंटेनरच्या मालासाठी ‘एफसीए’ वापरावे असे इन्कोटर्म्सच्या, म्हणजे विक्रीच्या अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या, २०२० च्या आवृत्तीत सुचवले आहे. त्यात ठरलेल्या जागी माल वाहकाच्या (जहाज कंपनीच्या) स्वाधीन केला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. भाडे आपणच भरणार असाल तर ‘सीएफआर’ या अटीच्या जागी ‘सीपीटी’, आणि भाड्याबरोबर विमाही आपलाच असेल तर ‘सीआयएफ’च्या जागी ‘सीआयपी’ असा बदल करावा. एफसीएवर गेल्यास बँकेला जहाजावर चढल्याचा शेरा असलेले बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने मालाबद्दल दिलेली पावती) मिळणार नाही अशी भीती पूर्वी असे. २०२० च्या आवृत्तीत खरेदीदाराने वाहकाला तसे बिल द्यायला सांगावे अशी तरतूद आहे, ती करारात स्पष्ट मागून घ्यावी.

दुसरा कागद क्रेडिटपत्र. माल चढवण्याची शेवटची तारीख उलटली की बँक कारण ऐकत नाही. तिच्यापुढे फक्त कागद असतात. एप्रिल २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे कोरियाहून आलेल्या पोलादाचे प्रकरण होते. आयातदारांनी टाळेबंदीचे कारण देऊन क्रेडिटपत्रांचे पैसे थांबवण्याची मागणी केली आणि न्यायालयाने ती नाकारली, कारण क्रेडिटपत्र हा बँकेशी झालेला स्वतंत्र व्यवहार आहे, टाळेबंदी मर्यादित काळापुरती होती आणि अपरिहार्य परिस्थितीचे कलम, म्हणजे हाताबाहेरच्या कारणाने करार पाळता न आल्यास सवलत देणारे कलम, फक्त विक्रेत्याला लागू होते. हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी मोलाचा आहे. ते कलम ज्याच्या बाजूने लिहिलेले असते त्यालाच त्याचा आधार मिळतो. करार इंग्लिश कायद्याखाली असेल तर लिहिलेले नसताना ही सवलत गृहीत धरली जात नाही, आणि आपल्या करार कायद्याच्या कलम ५६ खालीही केवळ खर्च वाढला म्हणून सुटका होत नाही. तेव्हा शेवटच्या तारखेत तीन आठवड्यांची मोकळीक आधीच मागून ठेवावी. संकट आल्यावर दुरुस्ती मागितली तर तिची किंमत सूट देऊन मोजावी लागते.

तिसरा कागद जहाज कंपनीचे बिल ऑफ लेडिंग. त्याच्या मागच्या बारीक अक्षरांत असे असते की, प्रवासात अडथळा आल्यास कंपनी माल सोयीच्या दुसऱ्या बंदरात उतरवू शकते, प्रवास तिथेच संपला असे मानू शकते आणि जादा खर्च ‘मर्चंट’कडून घेऊ शकते. त्या शब्दात माल पाठवणारा आणि घेणारा असे दोघेही येतात. याचा अर्थ, आपल्या खरेदीदाराने पाठवलेले कलम मान्य केले तर जहाज कंपनीने निवडलेल्या बंदराचा, तिने लावलेल्या अधिभाराचा आणि अनिश्चित दिवसांचा सगळा बोजा आपण एकट्याने उचलल्यासारखे होईल, आणि त्याला कमाल मर्यादाही नसेल. असे कलम आहे तसे कधीही स्वीकारू नये.

विम्याबद्दल वाईट वाटते, पण कंपनी नियमाला धरून वागली असणार. मालाच्या विम्यात सर्वांत व्यापक समजल्या जाणाऱ्या ‘ए’ कलमांतही विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, मग तो विलंब विमा उतरवलेल्या धोक्यामुळे झालेला का असेना. सरकारी दिलाशावरही विसंबू नये. मार्च २०२० च्या अखेरीस जहाजवाहतूक महासंचालनालयाने २२ मार्च ते १४ एप्रिल या काळासाठी कंटेनर अडकल्याचा आकार घेऊ नये असे जहाज कंपन्यांना सांगितले आणि पुढे मुदत वाढवली. पण कंटेनर यार्डाचे जागाभाडे हा वेगळा हिशोब असल्याने अनेकांना तो भरावाच लागला. त्यानंतर भाडेही असे चढले की सप्टेंबर २०२१ मध्ये कंटेनर भाड्याचा जागतिक सरासरी निर्देशांक ४० फुटी कंटेनरमागे दहा हजार डॉलरच्या वर गेला होता. जुन्या दराने वर्षभराची किंमत बांधून बसलेले माझे दोन ग्राहक त्यात अक्षरशः होरपळले.

प्रश्नकर्ता : टॉवेल कारखानदार

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. काल रात्री मुलीला शेजारी बसवून जुनी फाइल काढली. आमच्या २०२० च्या करारावर खरोखरच ‘एफओबी’ होते आणि अपरिहार्य परिस्थितीच्या कलमात फक्त ‘बंदर बंद झाल्यास’ एवढेच शब्द होते. बंदर तर एकही दिवस बंद नव्हते.

खरेदीदाराला पाठवण्यासाठी मी असा मजकूर तयार केला आहे : साथरोगामुळे जहाजाला मोकळा प्रवेश मिळण्यास उशीर झाल्यास, जहाजाने बंदर टाळल्यास किंवा फेरी रद्द केल्यास, अथवा बंदरावर मनुष्यबळ किंवा वाहने अपुरी पडल्यास, दोन्ही पक्षांच्या मुदती तितक्या दिवसांनी वाढतील, माल वाहकाच्या ताब्यात देईपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा आणि त्यानंतरचा खरेदीदाराचा राहील, उशीर पंचेचाळीस दिवसांहून जास्त झाल्यास न चढवलेल्या मालापुरता करार कोणत्याही पक्षाला रद्द करता येईल. यात काही चूक आहे का?

उत्तर : क्लिअरिंग एजंट, न्हावाशेवा

मजकूर चांगला आहे, दोन दुरुस्त्या करा. ‘वाहकाच्या ताब्यात’ एवढे लिहून भागणार नाही. कोणत्या जागी आणि कोणत्या कागदाने ताबा गेला असे मानायचे तेही लिहा. आपला कंटेनर कारखान्यातच भरला जातो, तेव्हा जागा म्हणून टर्मिनलचे नाव घाला आणि पुरावा म्हणून गेटमधून आत गेल्याच्या नोंदीची पावती धरा, कारण तिच्यावर तारीख आणि वेळ दोन्ही असतात. दुसरे म्हणजे, मुदत वाढेल असे करारात असले तरी क्रेडिटपत्राची तारीख आपोआप वाढत नाही. म्हणून अशा वेळी खरेदीदाराने पाच कामकाजी दिवसांत क्रेडिटपत्रात दुरुस्ती करून द्यावी हे वाक्य त्याच कलमात जोडा.

आणि मालाबद्दल एक. खोकी थेट कंटेनरच्या फळ्यांवर ठेवू नका, खाली कोरडे पॅलेट घाला, छताकडे ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा आणि पॅकिंगपूर्वी टॉवेल पूर्ण गार व कोरडे होऊ द्या. ड्रायरमधून निघालेला गरम माल लगेच प्लास्टिकमध्ये बांधला की ओल आतच राहते. आपल्या डागांची सुरुवात कदाचित सोलापुरातच झाली असेल आणि त्या चाळीस-पन्नास दिवसांनी ती फक्त वाढवली असेल.